सिंटरक्लास, झ्वार्ते पीट आणि आपली मुलं

सुमेधा_आइंडहोवन

नेदरलँड्समध्ये मुलं वाढवणाऱ्या मराठी आईबापांसाठी हा धागा काढतेय, पण बाकीच्यांनीही जरूर लिहा. विषय सिंटरक्लासचा, त्यातही त्याच्याबरोबर येणाऱ्या पीटचा.

ज्यांना हा सण माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. नोव्हेंबरच्या मध्यावर एका शनिवारी सिंटरक्लास स्पेनहून वाफेच्या बोटीनं इथे येतो, असं इथली मुलं मानतात. दरवर्षी वेगळ्या गावात त्याचं राष्ट्रीय स्वागत होतं, त्याला 'इनतोख्त' म्हणतात. टीव्हीवर थेट दाखवतात. गावचा महापौर धक्क्यावर हजर असतो. सिंटला लाल झगा, बिशपची उंच टोपी, पांढरी दाढी आणि बसायला पांढरा घोडा. तिथपासून ५ डिसेंबरपर्यंत मुलं अधूनमधून रात्री हीटरजवळ बूट ठेवतात, बुटात घोड्यासाठी गाजर. सकाळी गाजर गायब, आणि बुटात मूठभर पेपरनोटन (मसाल्याची छोटी बिस्किटं) नाहीतर आपल्या नावाच्या आद्याक्षराचं चॉकलेट. ५ तारखेच्या संध्याकाळी पोतंभर भेटी येतात, आणि मोठ्यांच्या भेटींना चिमटे काढणारी कविता जोडलेली असते. इथल्या कुणालाही त्याचं लहानपण विचारा, तो आधी या सणाबद्दल बोलेल. मलाही हा सण फार आवडतो, हे पहिल्यांदा सांगून ठेवते.

सिंटबरोबर डझनावारी पीट असतात. ते छपरांवर चढतात, भेटी वाटतात, कोलांट्या मारतात, मुलांना हसवतात. आणि अगदी आत्ताआत्तापर्यंत हे पीट म्हणजे तोंडाला काळाकुळकुळीत रंग फासलेली गोरी माणसं असायची. ओठ लालभडक, जाड रंगवलेले. डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप, कानात मोठाल्या सोनेरी रिंगा, अंगात जुन्या काळच्या हुजऱ्याचे मखमली कपडे. नाव 'झ्वार्ते पीट', म्हणजे काळा पीट.

"ही आमची शेकडो वर्षांची परंपरा आहे" हे वाक्य मी इथे इतक्यांदा ऐकलं की शेवटी स्वतःच वाचायला घेतलं. सिंटरक्लास म्हणजे मुळात संत निकोलस, चौथ्या शतकातला मायराचा बिशप. मायरा आजच्या तुर्कस्तानात येतं. त्याचा सण जुना आहे, यात वाद नाही. पण त्याच्या शेजारी काळा नोकर आज ओळखतो तसा उभा राहिला तो १८५० मध्ये, यान स्खेंकमन नावाच्या आम्स्टरडॅमच्या शिक्षकानं मुलांसाठी लिहिलेल्या चित्रांच्या पुस्तकात. वाफेची बोटही त्याच पुस्तकातली. नोकराला तिथे नावसुद्धा नाही, पीट हे नाव नंतर चिकटलं. तो पुढची कित्येक वर्षं एकटाच होता, पीटांची फौज दुसऱ्या महायुद्धानंतर आली.

आता १८५० हे साल काय होतं ते बघा. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये आणि कॅरिबियन बेटांवर डच मालकांच्या मळ्यांत तेव्हा आफ्रिकी गुलाम राबत होते. गुलामगिरी कायद्यानं संपली १ जुलै १८६३ ला, आणि सुरिनाममध्ये मोकळ्या झालेल्या माणसांना त्यानंतरही दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर काम करणं सक्तीचं होतं. म्हणजे हे चित्र काढलं तेव्हा काळा माणूस डच कायद्यानुसार विकता-घेता येत होता. असं चित्र निरागस कसं म्हणायचं?

"तो चिमणीतून उतरतो म्हणून काळा" हे उत्तर लहान मुलांना देतात. काजळीनं केस कुरळे होत नाहीत, ओठ लाल होत नाहीत, आणि मखमल तर मुळीच स्वच्छ राहत नाही.

आता माझ्या घरचं. माझा मुलगा इथल्या चौथ्या गटात, म्हणजे आपल्याकडच्या दुसरीत होता. शाळेत प्रत्येक मुलाला पिसाची मखमली टोपी देतात, ती घालून मुलं आठवडाभर हुंदडतात. त्यानं ती एक दिवस दप्तराच्या तळाशी चुरगाळून घरी आणली आणि पुन्हा घातली नाही. बऱ्याच दिवसांनी कळलं की मैदानावर एका मुलानं त्याला म्हटलं होतं, "तुला रंग लावायची गरजच नाही, तू असाच पीट आहेस." त्या मुलाचा राग आला नाही मला. सात वर्षांचं पोर, डोळ्यांना दिसलं ते बोललं. मोठ्यांनीच तर ते दाखवलं होतं.

मी हे आपल्या मराठी ग्रुपवर लिहिलं तेव्हा बहुतेकांचं म्हणणं पडलं की आपण इथे पाहुणे, त्यांच्या सणात आपण कशाला नाक खुपसायचं. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. मुलं ज्या शाळेत जातात त्या शाळेचा सण आपलाही असतो. तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणानं लिहा.

अनिकेत_ग्रोनिंगन

सुमेधाताई, लिहिलंय उत्तम, पण माझं मत जरा वेगळं आहे आणि ते इथे कुणीतरी मांडायला हवं.

मी उत्तरेला लहान गावात राहतो. आमचे शेजारी, सत्तरीचे आजोबा, चाळीसेक वर्षं गावात पीट व्हायचे. स्वतःच्या खर्चानं. आमच्या मुलीला सायकल शिकवली ती त्यांनी. माझे आईवडील इथे येऊन आजारी पडले तेव्हा रात्री दोन वाजता गाडी काढली ती त्यांनीच. त्यांना कुणी टीव्हीवरून "तुम्ही वंशवादी" म्हटलं तेव्हा ते खरोखर रडले. त्यांच्या मनात काळ्या माणसाबद्दल तिरस्काराचा कण नाही. पीट त्यांच्या दृष्टीनं सगळ्यात हुशार, सगळ्यात लाडका माणूस होता. सिंट विसराळू म्हातारा, कारभार सगळा पीट बघतो, अशीच गोष्ट मुलांना सांगतात.

दुसरं म्हणजे, हा बदल आम्स्टरडॅमच्या शहरी लोकांनी आणि बाहेरच्या संस्थांनी लादला अशी भावना इथे फार खोल आहे. बदल आतून, हळूहळू व्हायला हवा होता. माणसांना आधी गुन्हेगार ठरवायचं आणि मग म्हणायचं की बदला, याला कुणीही विरोधच करणार.

रानवारा

वाचतेय. मला हा सण ठाऊकच नव्हता. पुण्यात बसून इतकंच माहीत की सांता गोरा असतो आणि मॉलमध्ये असतो.

जुना_हेगकर

मी १९७९ पासून हेगमध्ये आहे, म्हणून थोडं मागचं लिहितो.

अनिकेत, पीट "लाडका" झाला तो बराच नंतर. आधी तो बागुलबुवा होता. हातात फोकांची जुडी, पाठीवर पोतं. खोडकर मुलांना फोकानं मारणार आणि पोत्यात घालून स्पेनला नेणार. माझ्या कचेरीतले वयस्क डच सहकारी सांगायचे की लहानपणी ते पीटला पाहून पलंगाखाली लपत. सिंट दयाळू आणि गोरा, भीती घालायचं काम काळ्याकडे, अशी ती वाटणी होती. साठ-सत्तरच्या दशकांत मुलांना धाक घालणं लोकांना पटेनासं झालं, तेव्हा फोक गेला, पोतं फक्त भेटींसाठी उरलं, आणि पीट विदूषक झाला. त्या वेळी कुणी परंपरा बुडाली म्हणून रस्त्यावर उतरलं नाही. म्हणजे पीट बदलू शकतो, हे डच माणसांनीच आधी सिद्ध केलेलं आहे.

आता आपल्या लोकांशी असलेला एक धागा सांगतो. मी आलो तेव्हा हेगमध्ये आमच्या आजूबाजूला सगळे सुरिनामी हिंदुस्तानी होते. कोलकात्याहून निघालेलं लल्ला रूख जहाज १८७३ च्या जूनमध्ये सुरिनामच्या पारामारिबो बंदराला लागलं, तेव्हापासून १९१६ पर्यंत चौतीस हजारांच्या आसपास हिंदुस्तानी मजूर करारावर तिकडे गेले. साल बघा. १८६३ नंतरची ती सक्तीची दहा वर्षं संपली त्याच साली मळ्यांना नवे मजूर हवे होते, आणि ते आपल्याकडून नेले. १९७५ ला सुरिनाम स्वतंत्र झालं तेव्हा त्यांची नातवंडं-पतवंडं मोठ्या संख्येनं इथे आली. इथल्या पॉल क्रुगरलान रस्त्यावर आजही त्यांची साड्यांची, पूजेच्या सामानाची दुकानं आहेत.

आमच्या शेजारच्या मावशी सरनामी, म्हणजे सुरिनामी हिंदुस्तान्यांची बोली, बोलायच्या, मी मोडकं हिंदी. त्यांच्या मुलांचं मला पक्कं आठवतं. नोव्हेंबर लागला की थोरला शाळेत जायला कुरकुरायचा. तो हिंदुस्तानी, वर्णानं आपल्यासारखाच. रस्त्यावर हाक यायची, "ए पीट!" मावशी म्हणायच्या, सुरिनाममध्येही गोऱ्यांच्या शाळेत हेच होतं, आपण खाली मान घालून जायचं. त्यांनी ते ऐंशीच्या दशकात सोसलं. तक्रार कुणाकडे करणार? ऐकणारं कोणी नव्हतं. खुद्द सुरिनाममध्ये मात्र स्वातंत्र्यानंतर लोकांनी त्यावर विचार केला. तिथे गुडू पा नावाचा काळा आजोबा सिंटच्या जागी आणला गेला, आणि ५ डिसेंबर हा बालदिन म्हणून ओळखला जाऊ लागला.

तेव्हा हा विरोध २०११ ला अचानक आकाशातून पडला असं जे म्हणतात त्यांना माझं सांगणं आहे की तो आमच्या गल्लीत चाळीस वर्षांपूर्वी होता. फक्त दाराच्या आतून बोलला जात होता.

सुमेधा_आइंडहोवन

हेगकर काका, मनापासून आभार. मावशींचं वाचून थांबावंच लागलं.

अनिकेत, "आतून, हळूहळू" याबद्दल. गोष्टी कशा घडल्या ते सलग बघितलं की चित्र वेगळं दिसतं, म्हणून लिहिते.

नोव्हेंबर २०११, डॉर्डरेख्तमधलं स्वागत. क्विन्सी गारिओ हा कुरासाओ या कॅरिबियनमधल्या डच बेटावर जन्मलेला कलाकार आणि जेरी आफ्रिये हा घानात जन्मलेला कवी, दोघं 'झ्वार्ते पीट हा वंशवाद आहे' असं लिहिलेले टीशर्ट घालून गर्दीत उभे होते. घोषणा नाहीत, धक्काबुक्की नाही. पोलिसांनी त्यांना जमिनीवर पाडून अटक केली. मुलं बाजूला पेपरनोटन वेचत होती. ते दोघेही याच देशाचे लोक आहेत, मग याला बाहेरचं कसं म्हणायचं?

२०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका कार्यगटाच्या अध्यक्ष, जमैकाच्या इतिहासकार वेरीन शेफर्ड, यांनी टीका केली. दोन-तीन दिवसांत फेसबुकवर पीटच्या बाजूनं काढलेल्या पानाला वीस लाखांहून जास्त लाइक मिळाले. देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेदोन कोटींच्या आत. त्याच वर्षी पंतप्रधान मार्क रुटे म्हणाले होते की काळा पीट काळाच असतो, मी त्यात काही करू शकत नाही. २०१४ ला गाउडामध्ये, हो, चीजवालंच गाव, स्वागताच्या दिवशी ९० जणांना अटक झाली. २०१६ ला रॉटरडॅममध्ये दोनशेच्या आसपास.

२०१६ ची दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. देशाच्या बाल-लोकपाल मार्ग्रिट काल्वरबूर यांनी मुलांशीच बोलून सांगितलं की सावळ्या-काळ्या मुलांना या दिवसांत चिडवलं जातं, वगळलं जातं, आणि आहे त्या रूपातला पीट बालहक्क कराराच्या विरोधात जाऊ शकतो. त्यांनी सण बंद करा म्हटलं नाही. पीटमधून भेदभाव करणाऱ्या गोष्टी काढा, म्हणजे सगळ्याच मुलांना सण मजेचा होईल, एवढंच. एवढं बोलल्याबद्दल त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.

२०१७ ला फ्रीसलंडमध्ये डोक्कुमला स्वागत होतं. विरोध करायला बसनं निघालेल्या लोकांना पीटसमर्थकांनी भर महामार्गावर गाड्या आडव्या घालून अडवलं. पुढच्या वर्षी न्यायालयानं ३४ जणांना दोषी ठरवलं. तरीही त्यांना वीर म्हणून मिरवलं गेलं.

आणि जून २०२०, अमेरिकेत पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मृत्यूनंतर आम्स्टरडॅमच्या दाम चौकात हजारो लोक जमले त्याच आठवड्यात, रुटे संसदेत म्हणाले की आपलं मत बदललंय. लहान मुलं त्यांना भेटून म्हणाली होती की पीट काळा असतो म्हणून आम्हाला फार वाईट वाटतं, आणि ते कुणालाच नको असणार.

२०११ ते २०२०. नऊ वर्षं टीशर्ट घालून, अंडी झेलत, कोर्टात उभं राहून ही माणसं तेच वाक्य बोलत राहिली. याहून हळू कसं जायचं?

चारोळी_जर्सी

अमेरिकेतून लिहितेय. इकडे उलटा प्रकार आहे, सेवक नाही, खुद्द सांताच्याच रंगाचा वाद. २०१३ च्या डिसेंबरमध्ये फॉक्स न्यूजच्या मेगन केली यांनी पडद्यावरून लहान मुलांना उद्देशून ठासून सांगितलं की सांता गोराच आहे. नंतर त्या म्हणाल्या की ती गंमत होती. २०१६ ला मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकेनं पहिल्यांदा काळा सांता बसवला, लॅरी जेफरसन नावाचे निवृत्त सैनिक. मॉल सुरू होऊन तेव्हा २४ वर्षं झाली होती! मुलांची रांग लागली, आणि स्थानिक वर्तमानपत्राला त्या बातमीखालचे प्रतिसाद बंद करावे लागले, इतकी गरळ लोकांनी ओकली.

मूळचा निकोलस भूमध्य समुद्राकाठचा. लठ्ठ, गुलाबी गालांचा, उत्तर ध्रुवावरचा सांता घडला एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कच्या कवितांतून, टॉमस नास्टच्या व्यंगचित्रांतून आणि मग १९३१ पासूनच्या कोकाकोलाच्या जाहिरातींतून. त्याला गोराच ठेवण्यासाठी भांडणारे लोक जाहिरातीतल्या चित्रासाठी भांडतात.

माझी मुलगी मॉलमध्ये सांताच्या मांडीवर बसायची तेव्हा मला कधी प्रश्न पडला नाही. शाळेच्या नाटकात मात्र तिला "सांताची बायको" मिळेना, कारण "तशी दिसत नाहीस". बाईंनी ते फार गोड आवाजात सांगितलं.

वल्लरी_माद्रिद

स्पेनमधून एवढंच की सिंट "स्पेनहून" येतो म्हणतात, पण इथे त्याला कुणी ओळखत नाही. इकडे भेटी आणतात तीन राजे, ५ जानेवारीच्या रात्री. त्यातला बाल्तासार काळा. माद्रिदच्या मिरवणुकीत वर्षानुवर्षं एखादा गोरा नगरसेवक तोंड काळं करून बाल्तासार व्हायचा. २०१६ पासून काळ्या माणसालाच ते काम देतात. मिरवणूक तितकीच भरते, मुलं तितकीच गोळ्यांसाठी ओरडतात. आलिकांतेजवळच्या आल्कोयमध्ये मात्र शिड्या लावून बाल्कन्यांत चढणारे रंगवलेले सेवक अजून मिरवणुकीत असतात, त्यावरून दरवर्षी वाद होतो.

शाळामास्तरीण_सांगली

मी परदेशात कधी गेले नाही. तरी लिहिते, कारण चारोळीताईंच्या शेवटच्या ओळी माझ्या रोजच्या कामातल्या आहेत.

जिल्हा परिषदेच्या आणि नंतर खाजगी अशा शाळांमध्ये मी गॅदरिंगं बसवली आहेत. रामायणावरचं नाटुकलं ठरलं की पात्रनिवड कशी होते ते सांगते. शिक्षकांच्या खोलीत यादी बनते. सीतेला गोरी मुलगी, राम-लक्ष्मणाला गोरी मुलं, हे कुणी बोलतसुद्धा नाही, आपोआप होतं. मग राक्षस. "तो मागच्या बाकावरचा काळा घ्या, मेकअप कमी लागेल." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, हसत हसत म्हटलेलं. शिवाय राक्षस झालेल्या गोऱ्या मुलांना काजळ आणि खोबरेल एकत्र करून हातापायांना चोळायचं. मी एकदा विचारलं, राक्षस काळाच कशावरून, रावण तर पुलस्त्याचा नातू. उत्तर आलं, "लांबून कळायला नको का?"

लांबून काय कळतं ते त्या मुलांना कळतं. एका पोरानं तालमीला यायचं बंद केलं होतं. त्याची आई म्हणाली, "बाई, गल्लीत आता त्याला त्याच नावानं हाका मारतात." आणि हे अशा मुलखात, जिथे आषाढीला लाखो माणसं काळ्या पाषाणातल्या विठोबाच्या पायावर डोकं ठेवायला चालत जातात. ज्ञानोबा-तुकोबांपासून सगळ्यांनी ज्याला सावळा म्हणून आळवलं, त्याच्या दारातून परत आलेली आजी नातसुनेसाठी "गोरी" शोधते. राम आणि कृष्ण ग्रंथांत श्यामवर्णी. पण कॅलेंडरं छापायची वेळ आली तेव्हा ते निळे झाले, आकाशी झाले, काही कंपन्यांनी तर गुलाबी करून टाकले.

माझ्या हातात पात्रनिवड आली तेव्हा आमच्या शाळेत राम झाला तो वर्गातला सगळ्यात सावळा मुलगा. आवाज खणखणीत होता त्याचा. राक्षसांना शिंगं आणि मुखवटे दिले, अंगाला रंग लावायचा नाही असा नियम केला. दोन पालक भांडायला आले. पुढच्या वर्षी कुणी आलं नाही.

पीटचा प्रश्न गुलामगिरीच्या इतिहासाचा आहे, तो आणि आपला एकच असं मी म्हणत नाही. पण सुमेधाताईंच्या मुलानं टोपी का चुरगाळली हे मला सांगलीत बसून नीट कळतं.

रानवारा

मास्तरीणबाई, साष्टांग नमस्कार. हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा.

अनिकेत_ग्रोनिंगन

बाईंचा प्रतिसाद मीही दोनदा वाचला. मुलाला काय वाटतं या मुद्द्यावर माझा वाद नाही, कधीच नव्हता. रंग जायला हवा होता, आमच्याकडेही गेला.

माझा मुद्दा माणसांशी बोलायच्या पद्धतीचा होता आणि तो मी सोडत नाही. शेजारच्या आजोबांना कुणी घरी येऊन, कॉफी पीत समजावलं असतं तर त्यांनी स्वतःहून रंग टाकला असता. त्यांनी टीव्हीवर फक्त आरडाओरडा पाहिला. त्यानंतर त्यांनी पीट व्हायचंच सोडून दिलं. गावानं एक चांगला माणूस गमावला याचं दुःख मला आहे, आणि ते मांडलं की लगेच मी पलीकडच्या गटात ढकलला जातो.

जुना_हेगकर

अनिकेत, तुला कुणी ढकलत नाही. आजोबांबद्दल मलाही वाईट वाटलं.

पण कॉफी पीत समजावणारेही होते रे. आमच्या मावशींच्या थोरल्यानं, तोच जो शाळेला जायला कुरकुरायचा, पुढे स्वतःच्या मुलीच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी अगदी सभ्यपणे बोलणं केलं होतं, १९९० च्या सुमारास. त्याला सांगितलं गेलं, "तुम्ही उगाच मनाला लावून घेता." अशी सभ्य बोलणी देशभर किती झाली असतील त्याची कुठे नोंद नाही, कारण ती कुणी ऐकलीच नाहीत. रस्त्यावर टीशर्ट आले तेव्हा देश पहिल्यांदा वळून पाहायला लागला. आणि मग काय झालं? नोव्हेंबर २०१९ मध्ये इथे हेगमध्येच, पीटविरोधी चळवळीची बंद दाराआड सभा चालू असताना बाहेरून हल्ला झाला. खिडक्या फोडल्या, गाड्या फोडल्या, फटाके टाकले. आत बायका होत्या, वयस्क माणसं होती. आरडाओरडा कुठल्या बाजूनं जास्त होता तेही एकदा आजोबांना सांगायला हवं. ते तू सांगू शकतोस, कारण तुझं ते ऐकतील.

याच देशाच्या पंतप्रधानानं डिसेंबर २०२२ मध्ये आणि राजानं १ जुलै २०२३ ला गुलामगिरीबद्दल जाहीर माफी मागितली. माझ्या डोळ्यांदेखत हे होईल असं मला १९७९ ला वाटलं नव्हतं.

प्राजक्ता_झेलंड

मला नेमकी मदत हवी आहे. आम्ही अलीकडेच दक्षिणेला एका लहान गावात आलो. मुलगी पहिल्या गटात, चार वर्षांची. राष्ट्रीय स्वागतात पीट बदलले हे टीव्हीवर पाहिलं, पण आमच्या गावच्या मिरवणुकीत अजून पूर्ण काळे पीट असतात म्हणे. शाळेत काय असेल माहीत नाही. नवरा म्हणतो, आत्ताच आलोय, पहिल्याच वर्षी वाकडेपणा नको. मुलीला सणाला पाठवायचं की नाही?

सुमेधा_आइंडहोवन

प्राजक्ता, पाठव. तिला बूट ठेवू दे, गाणी म्हणू दे, पेपरनोटन खाऊ दे. हा सण फार सुंदर आहे आणि तो तिचाही आहे. शाळेशी मात्र आधीच बोल, नोव्हेंबर उजाडायची वाट बघू नकोस.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. मी पालक मंडळात गेले आणि सणाच्या तयारीच्या गटात नाव दिलं. टीका करायला आलेय असं कुणाला वाटू नये म्हणून आधी भेटी बांधायला बसले, मग बोलले. मुलाचं नाव न घेता मैदानावरचं वाक्य सांगितलं. बैठकीत थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग एक डच आई म्हणाली की तिनं दत्तक घेतलेल्या इथिओपियाच्या मुलीलाही हेच ऐकावं लागलंय, ती गप्प होती कारण तिला वाटलं हे फक्त तिच्याच घरी घडतंय. त्या संध्याकाळी ठरलं: गालांवर, कपाळावर, हनुवटीवर स्पंजनं काजळीचे फराटे ओढायचे, बाकी चेहरा ज्याचा त्याचा. टोप नाही, रिंगा नाहीत, ओठ नाहीत. इथे त्याला 'रूटफेगपीट' म्हणतात. डिसेंबरमध्ये स्पंज माझ्याच हातात होता. एका पीटला फराटे ओढायला मिनिटही लागत नाही, पूर्वी रंग चढवायला आणि उतरवायला अख्खी सकाळ जायची. मुलांनी पीट पाहिले आणि नेहमीसारखीच किंचाळली. चेहऱ्याबद्दल एकाही मुलानं विचारलं नाही, विचारलं ते बापांनी.

राष्ट्रीय स्वागतात २०१९ ला आपलडोर्नपासून फक्त असेच पीट आहेत. फेसबुकनं २०२० मध्ये रंगवलेल्या पीटची चित्रं काढून टाकायला सुरुवात केली. आज शाळेत जाणाऱ्या लहान मुलांना काजळीचे फराटे हाच खरा पीट वाटतो, त्यांनी दुसरा टीव्हीवर पाहिलाच नाही. पीटविरोधी चळवळ चालवणाऱ्या केओझेडपीनं तर २०२४ मध्ये जाहीर केलं की ५ डिसेंबर २०२५ ला आपण काम थांबवणार. तुझ्या गावात जे राहिलंय ते शेवटचं शेपूट आहे, पण ज्या मुलीला ते बघावं लागणार तिच्यासाठी ते अख्खंच आहे. म्हणून बोल.

नवऱ्याला सांग की याला वाकडेपणा म्हणत नाहीत. पालक मंडळात प्रश्न विचारणं ही इथे साधी, रोजची गोष्ट आहे. आणि गावच्या मिरवणुकीचं आयोजन बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकांची समिती करते, तिला पत्र लिहिता येतं. अनिकेत, इथे तुझी गरज आहे. गावातल्या जुन्या माणसाला न दुखावता कसं लिहायचं हे तुला माझ्याहून चांगलं जमेल.

अनिकेत_ग्रोनिंगन

लिहितो. आजोबांनाच दाखवून घेतो मसुदा, डचही सुधारून देतील.

प्राजक्ता_झेलंड

दोघांचे आभार. नवऱ्याला धागा वाचायला दिलाय.

सुमेधा_आइंडहोवन

आमच्या पालक मंडळाला दिलेलं पत्र माझ्याकडे डच आणि मराठी दोन्हींत आहे. ज्यांना हवं त्यांनी व्यनि करा. बहुतेक शाळांत तयारीच्या बैठका सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होतात, त्याआधी शाळेच्या हातात पडेल असं बघा.